एकोणीस नंबर, हातभर पुढे

रविवारी सकाळी दहा वाजता शर्यत सुरू झाल्याचा भोंगा वाजला आणि त्याच्या पाठोपाठ लगेच दुसरा. दुसऱ्या भोंग्याबरोबर धक्क्यावरच्या खोलीच्या खिडकीतून पांढऱ्यावर निळी फुली असलेलं निशाण बाहेर आलं. या निशाणाचा अर्थ एकच: एक होडी भोंग्याआधीच रेषा ओलांडून गेली आहे, तिनं मागे यावं आणि पुन्हा सुरुवात करावी. तलावात नऊ होड्या होत्या. त्यातली एक मागे आली. ती तेवीस नंबरची होती. दुपारच्या आत एकोणीस नंबरची होडी सगळ्यांच्या आधी शेवटाला पोचली, आणि तिच्यासाठी भोंगा वाजलाच नाही.

भोंगा कप्तानांच्या हातात होता. एकोणीस नंबरच्या सुकाणूवर त्यांची बायको बसली होती.

कप्तान म्हणजे दातांचे निवृत्त डॉक्टर, वय चौऱ्याहत्तर. होडी क्लबात त्यांना हे नाव पडलं ते कौतुकानं पडलं असं ते समजतात. इतरांची आठवण वेगळी आहे. दवाखान्यात ते पेशंटला अतिशय मऊ आवाजात तोंड उघडायला सांगत आणि होडीत पुढच्या माणसाला त्याहून फार वरच्या पट्टीत तोंड बंद ठेवायला सांगत. हा पुढचा माणूस म्हणजे बगळेराव. वीज कंपनीतून निवृत्त, ताडमाड उंच, मान कायम पुढे काढलेली, म्हणून बगळेराव. दोघांची होडी शिडाची, दोन माणसांची. मागचा सुकाणू आणि मोठं शीड सांभाळतो. पुढचा लहान शीड ओढतो आणि वारा वाढला की होडीबाहेर अंग टाकून तोल राखतो. पंचवीस वर्षं कप्तान मागे, बगळेराव पुढे. या व्यवस्थेबद्दल बगळेरावांना कुणी कधी विचारलं नव्हतं.

वहिनी (क्लबात त्यांना दुसरं नाव नाही) ही सगळी वर्षं धक्क्यावर असत. प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, सत्तरीला टेकलेल्या. चहाचा थर्मास, सुके कपडे आणि विणकाम घेऊन बाकावर बसायच्या. त्या पाण्याकडे बघतात हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण त्यांचे हात विणत असत.

गेल्या हिवाळ्यात कप्तानांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. मुलीनं होडी विकायचा विषय काढला. वहिनींनी सांगितलं की होडी पाण्यात गेली नाही की खराब होते, बाबा उठेपर्यंत मी आणि बगळेभावजी तिला फिरवून आणू. कप्तान पलंगावरून हसले. म्हणाले, फिरवा, फक्त बुडवू नका.

त्यांनी बुडवली नाही. पहिल्या आठवड्यात धक्क्याला दोनदा धडकवली, नंतर धडकवणंही थांबलं. महिन्याभरानं क्लबाच्या चहाच्या खोलीत बगळेरावांनी एक वाक्य टाकलं, ते चार जणांच्या तोंडून फिरत फिरत कप्तानांच्या पलंगापर्यंत आलं. वाक्य असं होतं: “शिव्या न खाताही होडी सरळ जाते, हे मला पंचवीस वर्षांत पहिल्यांदा कळलं.”

कप्तानांनी ते हसण्यावारी नेलं. त्या दिवशी त्यांनी व्यायाम मात्र केला नाही, आणि व्यायाम करवून घ्यायला येणाऱ्या बाईंना पायाऐवजी डोकं दुखत असल्याचं सांगितलं.

पुढचे दोन महिने घरात काय चाललं होतं ते मुलीच्या शब्दांत सांगायचं तर बाबांचा पाय बरा होत होता आणि बाकीचे बाबा बिघडत होते. वहिनी तलावावरून यायच्या त्या उन्हानं रापलेल्या, भूक लागलेल्या. दारातूनच बोलायला सुरुवात. आज वारा पूर्वेकडून होता, आज भावजी पाण्यात पडले, आज आम्ही पलीकडच्या काठापर्यंत गेलो. कप्तान प्रश्न विचारत. वळताना सुकाणू किती ढकललंस? शीड कधी सोडलंस? उत्तर बरोबर आलं की त्यांचा चेहरा उतरायचा आणि चुकीचं आलं की खुलायचा. एकदा त्यांनी जेवणाच्या टेबलावर वाटी, चमचा आणि मीठदाणी मांडून तिला समजावलं की झाडांच्या बाजूनं जावं, तिकडून अंतर कमी पडतं. वहिनींनी ऐकून घेतलं आणि मीठदाणी उचलून भाजीत मीठ टाकता टाकता म्हणाल्या, “तिथं झाडं वारा अडवतात. तुम्ही दरवेळी तिथंच अडकायचात. मी बाकावरून बघायची ना.”

हे खरं होतं. पंचवीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं, तिनंही नाही. कप्तानांनी त्या रात्री भाजी खारट झाल्याची तक्रार केली.

ते मुलीजवळ एकदाच मोकळे झाले. मुलीनं थट्टेनं विचारलं होतं, बाबा, तुम्हाला बगळेकाकांचा संशय येतो की काय? कप्तान म्हणाले, तसं काही असतं तर बरं झालं असतं, निदान चार माणसांत बोलता आलं असतं. बायकोनं सुकाणू धरलं म्हणून पोटात दुखतं, हे सांगायचं कुणाला?

मुलगी हसली. कप्तान हसले नाहीत. ते कपाटाशी गेले, आपलं तरंगणारं जाकीट काढलं, अंगात घालून पाहिलं. वहिनींनी पट्टे आपल्या मापाचे करून घेतले होते. पुढचा चाप लागेना. पट्टे सैल करायला दोन मिनिटं लागली असती. त्यांनी जाकीट होतं तसं खुंटीला लावून ठेवलं.

क्लबात दर उन्हाळ्यात साठी ओलांडलेल्यांच्या रविवारच्या शर्यती होतात, ओळीनं दहा. त्यांचा एक जुना नियम आहे आणि पुढचं सगळं त्याच्यावर अवलंबून आहे. हंगामात होडीची जी पहिली शर्यत धरली जाते, तिच्यात सुकाणूवर जो बसला, हंगामभर सुकाणू त्याचं. मध्येच अदलाबदल नाही. पूर्वी एका जोडीतले दोघे मेहुणे दर आठवड्याला मागच्या जागेवरून हमरीतुमरीवर येत, त्या कटकटीतून हा नियम निघाला. शर्यत बाद झाली तर ती धरली जात नाही, आणि मग जागा मोकळीच राहते.

पहिल्या शर्यतीच्या वेळी कप्तानांना होडीत बसायची परवानगी नव्हती. ती आठवड्याभरात मिळणार होती. क्लबाच्या सचिवबाईंनी, ते अगदीच बाजूला पडू नयेत म्हणून, त्यांना भोंग्याचं काम दिलं. वहिनींनीच आग्रह केला: घरी बसून खिडकीतून रस्ता बघण्यापेक्षा तलाव बघा. कप्तान कुबडी टेकत धक्क्यावरच्या खोलीत गेले. सुरुवातीला त्यांना ते काम आवडलं, असं सचिवबाई सांगतात. नऊ होड्यांतली अठरा माणसं तुमच्याकडे बघत असतात, श्वास रोखून, आणि तुम्ही बटण दाबेपर्यंत कुणी हलत नाही.

सुरुवातीची रेषा म्हणजे पाण्यावर काही आखलेलं नसतं. खोलीबाहेरच्या खांबापासून समोर तरंगणाऱ्या नारिंगी पिंपापर्यंत डोळ्यानं धरायची सरळ रेघ, ती रेषा. ती फक्त खांबामागे उभ्या असलेल्या माणसाला दिसते. होडीतल्या माणसाला अंदाज असतो, खात्री नसते. सचिवबाई शेजारी होत्या, पण त्यांच्या हातात घड्याळ होतं आणि डोळे घड्याळावर. त्या सेकंद मोजत होत्या. शून्य म्हणाल्या, भोंगा वाजला. लगेच कप्तान म्हणाले, “एक आहे पुढे,” आणि दुसरा भोंगा वाजवून निशाण बाहेर काढलं.

कोणती होडी, हे ते बोलले नाहीत. पद्धत अशी आहे की नंबर मोठ्यानं सांगायचा, म्हणजे शेजारचा लक्षात ठेवतो. सचिवबाईंनी विचारलं नाही. त्यांना वाटलं, दमले असतील.

तेवीस नंबरच्या होडीत एक भित्रं जोडपं असतं. निशाण कुणासाठीही असो, ते आपल्यासाठीच आहे असं त्यांना वाटतं. ते दोघं निमूटपणे वळून मागे आले, रेषेमागे गेले आणि पुन्हा निघाले. ते मागे येताच कप्तानांनी निशाण आत घेतलं.

आता एकोणीस नंबरमध्ये काय झालं ते बगळेरावांनी सांगितलं आणि वहिनींनी त्यात दुरुस्ती केली नाही. दुसरा भोंगा दोघांनीही ऐकला. वहिनींनी मान वळवून विचारलं, आपण होतो का? बगळेराव मागे बघत राहिले. तेवीस नंबर वळताना दिसला, निशाण खाली गेलेलं दिसलं. ते म्हणाले, तेवीस होती, मिटलं, चला. निशाण पुढे गेलेली होडी परत येईपर्यंत वरच राहतं. ते उतरलं म्हणजे जिला यायचं होतं ती आली. यात शंका घेण्यासारखं काही नव्हतं.

वहिनी झाडांच्या बाजूला गेल्या नाहीत. चार होड्या गेल्या आणि तिथं शिडं लोंबकळत उभ्या राहिल्या. एकोणीस नंबर उघड्या पाण्यातून लांबचा वळसा घेऊन आली आणि पहिल्या वळणालाच सगळ्यांच्या पुढे होती. बगळेराव एकाहत्तरीत होडीबाहेर पाठ पाण्याला टेकेपर्यंत वाकले होते, आणि वहिनी गुणगुणत होत्या. त्या गुणगुणत होत्या हे खोलीतून ऐकू येणं शक्य नाही. पण कप्तानांकडे दुर्बीण होती, आणि ओठ हलताना दिसतात.

शेवटाला पोचणाऱ्या प्रत्येक होडीला भोंगा मिळतो, पहिलीला आणि नवव्या नंबरालाही. एकोणीस नंबर रेषेवरून गेली आणि काही वाजलं नाही. वहिनींना वाटलं, भोंगा बिघडला. त्यांनी खिडकीकडे बघून हात केला. मग दुसरी होडी आली आणि तिच्यासाठी भोंगा वाजला, अगदी खणखणीत. वहिनींचा हात अजून वरच होता.

दोरी बांधायच्या आधी बगळेराव धक्क्यावर होते. खोलीच्या दारात उभे राहून त्यांनी विचारलं, आमचं काय? कप्तान म्हणाले, सुरुवातीला हातभर पुढे होतात, परत आला नाहीत, शर्यत बाद. बगळेरावांनी विचारलं, मग निशाण का उतरवलंस? कप्तान म्हणाले की त्यांचा एक हात कुबडीवर, एक निशाणावर, उभं राहवेना.  पंचवीस वर्षांत जे कधी केलं नव्हतं ते बगळेरावांनी केलं. त्यांनी कप्तानांना अहोजाहो केलं.

“डॉक्टर,” ते म्हणाले, “तुम्हाला बसायला खुर्ची दिली होती.”

हरकत संध्याकाळी घेतली गेली. बगळेरावांनी घेतली, वहिनींनी घेतली नाही, अडवलीही नाही. चहाच्या खोलीत सचिवबाई आणि कार्यकारिणीतले आणखी दोघे बसले: एक निवृत्त पोस्टमास्तर आणि एक औषधवाले. बगळेरावांचं म्हणणं थोडक्यात होतं. निशाण एकोणीससाठी असेल तर ते एकोणीस परत येईपर्यंत वर राहायला हवं होतं. ते तेवीस येताच खाली आलं. म्हणजे एक तर कप्तानांनी तेवीसच पाहिली होती आणि एकोणीस जिंकतेय म्हटल्यावर नंबर बदलला; नाहीतर एकोणीस पाहिली होती आणि ती परत येऊ नये म्हणून निशाण खाली घेतलं. तिसरं काय असेल ते त्यांनी सांगावं.

कप्तानांनी तिसरं सांगितलं. पाय. पोस्टमास्तरांनी मान हलवली. त्यांचे दोन्ही गुडघे बदललेले आहेत. औषधवाले म्हणाले, पाय दुखतो हे मान्य, पण नंबर सांगायला पाय लागत नाही. यावर कुणीतरी हसलं.

वहिनींना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, “मी पुढे बघत होते. रेषा त्यांनी पाहिली.” तुम्हाला काय वाटतं, असं सचिवबाईंनी पुन्हा विचारलं. त्या म्हणाल्या की वाटण्यावर शर्यत धरत नाहीत.

समितीला निकाल देता आला नाही. अडचण सरळ होती. भोंगेवाल्याचा शब्द अखेरचा, हा नियम मोडला तर पुढे कुणी ते काम घेणार नाही. नियम पाळला तर एका चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसानं आपल्या बायकोला शर्यतीतून काढून आपली जागा मोकळी करून घेतली, ही कुजबुज कायम राहील. आणि ती कुजबुज तोवर वाहनतळापर्यंत पोचलीच होती. शेवटी असं ठरलं की कप्तानांनी पुढच्या रविवारी, शर्यतीआधी, समितीसमोर एक वाक्य बोलावं: निशाण लावलं तेव्हा कोणती होडी पुढे होती. ते बोलतील ते धरलं जाईल आणि त्यावर पुन्हा चर्चा होणार नाही. एकोणीस म्हणाले तर जागा मोकळी, तेवीस म्हणाले तर सुकाणू हंगामभर वहिनींचं. आठवडा त्यांना विचार करायला दिला, असं पोस्टमास्तर म्हणाले. औषधवाल्यांच्या मते तो त्यांची झोप उडवायला दिला होता.

सोमवारी कप्तानांना होडीत बसायची परवानगी मिळाली. व्यायामवाल्या बाईंनी त्यांना जमिनीवर बसवून उठवून पाहिलं आणि म्हणाल्या, हळूहळू सुरू करा, सोबत कुणी तरी असू द्या. कप्तानांनी ही बातमी घरात सांगितली नाही. ती वहिनींना त्या बाईंकडूनच कळली.

त्यानंतरचं संभाषण बुधवारी स्वयंपाकघरात झालं. मुलगी बाहेरच्या खोलीत होती आणि दार उघडं होतं. वहिनी भांडी पुसत होत्या. कप्तान खुर्चीत बसून, कुणी न सांगता, लसूण सोलत होते.

वहिनी म्हणाल्या, “अहो, एकच विचारते. निशाण लावलंत तेव्हा कोण दिसलं?”

“तू.”

“बरं. आणि उतरवलंत तेव्हा?”

कप्तानांनी लसणाची पाकळी ताटलीत ठेवली. मुलगी म्हणते, तिला वाटलं ते उठून जातील. ते गेले नाहीत.

“तेवीस परत येत होती,” ते म्हणाले. “तू पुढे निघाली होतीस. मला दिसलं की तू मागे वळून बघतेयस. निशाण वर असतं तर तू आली असतीस.”

“आले असते.”

“आणि तरीही जिंकली असतीस. वारा तसा होता.”

वहिनींनी ताट फडताळात ठेवलं.  मग त्या म्हणाल्या, “होते का मी पुढे? खरंच?”

“मला दिसलीस.”

“दिसले की होते?”

“रेषेवर उभा होतो मी. मला दिसलं तेच असतं.” आणि मग, लसणाकडे बघत: “आता मलाही सांगता येत नाही. रोज आठवून बघतो. रोज तू थोडी आणखी पुढे असतेस.”

यावर वहिनी हसल्या, असं मुलगी सांगते. पण हसू चांगलं नव्हतं. त्यांनी विचारलं की जागा हवी होती तर मागितली का नाही. घरातली होडी, घरातला माणूस. मागायला काय क्लबाची परवानगी लागत होती?

“मागितली असती तर दिली असतीस?”

वहिनींनी फडकं खुंटीला लावलं, नीट ताणून, दोन्ही टोकं सारखी करून.

“नाही,” त्या म्हणाल्या.

कप्तानांनी मान हलवली. त्यांना या उत्तराचं वाईट वाटलं की बरं, हे मुलीला कळलं नाही. ती एवढंच सांगते की नंतर दोघं बराच वेळ तिथंच होते आणि त्यांनी बगळेरावांना नावं ठेवली, दोघांनी मिळून. बगळेराव दोरी ओढण्याआधी बोटं तोंडात घालतात, चहा फुंकून पितात, आणि त्यांना वाऱ्यातलं ओ की ठो कळत नाही. इतक्या दिवसांत त्यांचं एकमत झालेला हा पहिला विषय होता.

शुक्रवारी बगळेरावांचा फोन आला. तो कप्तानांनी उचलला. बगळेरावांनी सांगितलं की डॉक्टर सुकाणूवर बसणार असतील तर त्यांनी पुढे दुसरा माणूस बघावा. कप्तान म्हणाले, बगळ्या, तुला दुसरं कोण घेणार? बगळेराव म्हणाले, मी धक्क्यावरच्या बाकावर बसेन. तिथून सगळं छान दिसतं, असं वहिनी सांगतात. मग दोघांपैकी कुणीच फोन ठेवला नाही. शेवटी बगळेरावांनी पाय कसा आहे ते विचारलं, कप्तानांनी बरा आहे म्हणून सांगितलं, आणि फोन ठेवला गेला. वहिनी आतल्या खोलीतून म्हणाल्या, कुणाचा होता? कप्तान म्हणाले, तुझा.

रविवारी सकाळी दोघं एकाच गाडीतून क्लबात आले. गाडी वहिनी चालवत होत्या. कप्तानांच्या हातात कुबडीऐवजी साधी काठी होती आणि अंगात जाकीट नव्हतं. जाकिटं दोन्ही मागच्या सीटवर होती. दोन्ही का, असं वाहनतळावर कुणीतरी विचारलं. वहिनी म्हणाल्या, घरात होती तेवढी आणली.

भोंग्याचं काम या आठवड्यासाठी सचिवबाईंनी स्वतःकडे घेतलं होतं. साडेनऊच्या सुमारास कप्तान चहाच्या खोलीत गेले. पोस्टमास्तर आणि औषधवाले आधीच आत होते. मागोमाग सचिवबाई गेल्या आणि दार लावून घेतलं. बगळेराव बाहेर थांबले नाहीत. त्यांनी एकोणीस नंबर पाण्यात ढकलली आणि आपल्या नेहमीच्या जागी, पुढे, जाऊन बसले. मागची जागा रिकामी होती. वहिनी धक्क्यावर होडीची दोरी धरून उभ्या होत्या. वारा पूर्वेचा होता, हलका, आणि वाढेल असं दिसत होतं.

पावणेदहाला तेवीस नंबरचं जोडपं तिथून गेलं. त्यांनी वहिनींना विचारलं, तुम्ही निघत नाही का? वहिनी म्हणाल्या, निघतोय, माणूस यायचाय.

चहाच्या खोलीचं दार तोवर उघडलेलं नव्हतं.